निव्वळ वजन

उदगीरच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या फाटकाशी
माझी केबिन. काच, कम्प्युटर, प्रिंटर, पंखा.
रात्रपाळीला तुरीच्या गाड्या येतात
बिदरकडून, जहीराबादकडून, कधी थेट रायचूरहून.
दोन गाड्यांच्या मधे वीस मिनिटं, कधी चाळीस.
तेवढ्यात एक कथा होते.

पुस्तक पातळ आहे. लातूरच्या प्रदर्शनात घेतलं,
तलाठी भरतीच्या गाईडखाली झाकून.
विकणाऱ्यानं न बघता दोन्ही पिशवीत टाकली,
की बघून, देव जाणे.
घरी आल्यावर त्याला वजनाच्या नोंदवहीचा
निळा पुठ्ठा चढवला.
आता टेबलावर उघडं पडलं तरी
मालकाला हिशोब वाटतो.

कथांमधली पोरं माझ्यासारखी नाहीत.
त्यांची नावं नील, विहान,
एका फुंकरीत संपणारी.
पुण्यात फ्लॅट, खिडकीत मांजर,
रडायला वेगळी खोली.
मन्मथ कुणीच नाही त्यांच्यात.
आमच्याकडं हाक मारली तर गल्लीत चार मन्मथ वळतात,
कुणाच्या ध्यानातही येत नाही
की हा मदन, याचं धनुष्य उसाचं.
आमचा ऊस कारखान्याला जातो.
आई विचारती, "मन्म्या, लग्नाचं काय करूलालास?"
मी म्हणतो, रात्रपाळी आहे.

तर सातवी कथा. अडीच पानांची.
तिच्यात काही घडत नाही.
स्टँडवर एक जण शेंगा फोडतो,
दाणे दुसऱ्याच्या तळहातावर ठेवतो,
टरफलं स्वतःच्या खिशात.
बस्स. मग गाडी लागते.

मी पुस्तक पालथं घातलं.
उठून केबिनला आतून कडी लावली.
यांना कुणी सांगितलं हे?

भालकीचा संगप्पा शेंगाच आणायचा, उकडलेल्या,
पेपरचा पुडा खालून ओला झालेला.
त्याला मराठी अर्धी यायची, मला कन्नड पाव.
उरलेलं आम्ही बोलत नव्हतो.
टरफलांचं त्यानं काय केलं
हे मी चार हंगामांत एकदाही पाहिलं नाही.
तिसऱ्यांदा वाचताना दिसलं:
त्याच्या खाकी शर्टाचा डावा खिसा
नेहमी फुगलेला असायचा.
माझी केबिन नेहमी स्वच्छ.

एकदा गाडी खाली करून आला, म्हणाला,
चल, आपलं किती भरतंय बघू.
काट्यावर दोघं उभे राहिलो, पार मधोमध,
पहाटेचे तीन, अंगात थंडी,
समोरच्या पाटीवर लाल आकडा: १४०.
आत येऊन मी पावती हातानंच भरली.
गाडी नंबर: कोरं.
माल: कोरं.
भरलेलं १४०. रिकामं ७०. निव्वळ ७०.
त्यानं वाचून विचारलं,
"ह्यात रिकामं कोण?"
मी प्रिंटरचा कागद सरळ करत बसलो,
सरळच होता तो.

आता तो हुबळी लाईनला असतो म्हणतात.
पावती मी पुस्तकात खुणेला ठेवलीय.
शाई उडालीय, ट्यूबलाईटसमोर धरली
तरच सात आणि शून्य दिसतात.

काल पुस्तक हातात घेऊन काट्यावर जाऊन आलो.
आमचा काटा दहा किलोच्या खालचं धरत नाही.
सत्तरच दाखवलं.
हात मात्र अवघडला होता.

आठवी कथा आज सुरू केली.
पहिल्याच ओळीत कुणी तरी दार वाजवतं,
आतला माणूस विचारतो, कोण,
आणि बाहेर हॉर्न.
बोट पानात तसंच ठेवून
मी खिडकीतून डोकं काढलं, ओरडलो:
"पुढं घे, आणखी पुढं,
मागचं चाक बाहेरच राहिलंय की रे!"