बोटीचं चित्र

पान मी कास्त्रोतच केलं होतं,
दुसऱ्या मजल्यावर, जिथून धक्का दिसतो.
बेटांच्या बोटींचं वेळापत्रक,
पालिकेनं मागितलं होतं एवढंच.
मी त्यावर समुद्र घातला.
सकाळच्या धुक्याचा.
त्यात एक पिवळी बोट, जवळून, ठसठशीत,
तिच्यावर अक्षरं उमटायची एकेक,
आणि मग कुठे तळाशी:
बोट किती वाजता.
नमनाला घडाभर तेल.
पण तेल चकाकत होतं. कौतुक झालं.

ऑगस्टात एका बेटावर जावं लागलं,
कसल्याशा पावतीवर सही घ्यायला.
दवाखाना दोन खोल्यांचा,
लाकडाच्या चुलीवर किटली,
आणि एर्मेलिंडा नाउएल्किन संगणकासमोर.
संगणक माझ्या मुलीहून थोरला.
कडेला चिकटपट्टी, दोन कळा उडालेल्या,
पंखा म्हाताऱ्या कुत्र्यासारखा
झोपेत गुरगुरणारा.
टेकडीवरचा मनोरा वाऱ्याला घाबरतो, ती म्हणाली,
आणि वारा इथे रोजचाच.

नऊ दहाला तिनं माझं पान उघडलं.
बाकावर दोन बेलार्मिनो,
शिंपले उघडताना सुरी तळहातात गेलेली,
हाताला टॉवेल.
मोठ्या दवाखान्यात न्यायचं, टाके तिथेच.

नऊ सतराला आभाळ आलं.
नऊ एकवीसला पलीकडचे डोंगर, अर्धे.
नऊ पंचवीसला भोंगा वाजला.
खरा.
खिडकीतून आम्ही तिघांनी पाहिली,
पिवळीच, तीच,
धक्क्यावरून वळून निघालेली.
पडद्यावर ती अजून
डोलकाठीपर्यंतही आली नव्हती.

कुणी काही बोललं नाही.
दोन बेलार्मिनोंनी टॉवेलची घडी फिरवली,
कोरडी बाजू आत.
एर्मेलिंडानं तुंबीतला कडू माते माझ्याकडे सरकवला.
"नेहमीची दहाची," ती म्हणाली, "पाठ आहे मला.
आज बदललंय का,
तेवढंच बघत होते."

परतीच्या बोटीत मी वजन काढलं.
पान साडेसहा मेगाबाइट.
त्यात बंदर, वार, वेळ मिळून
दोन किलोबाइटसुद्धा नाहीत.
नाकापेक्षा मोती जड,
आणि नाक तिचं.

आधी समुद्र काढला.
मग दूरवरून मागवलेली नाजूक अक्षरं;
जे अक्षर तिच्या यंत्रात आहे तेच घेतलं,
पाहुण्यानं घरातल्या ताटात जेवावं तसं.
मग ते सात हेर,
कोण आलं, किती थांबलं, टिपून ठेवणारे.
जाण्याआधी त्यांची वही वाचली.
त्या सकाळची नोंद होती:
एक व्यक्ती, एकच पान, पंधरा मिनिटं.
पुढे हिरवी खूण.
फारच रमली म्हणे.

माझी भागीदार ओदिले म्हणाली,
हे उघडंबोडकं दिसतंय, पालिका पैसे देणार नाही.
आम्ही भांडलो. एक निळी रेघ तिची राहिली,
रेघेला वजन नसतं.
सगळ्यात वर आता एकच वाक्य:
आज बदल नाही.
किंवा, आज बदल आहे, आणि काय ते.
त्याच्या खाली तक्ता. संपलं.

सर्व्हरच्या नोंदीत कधी कधी ते बेट दिसतं.
सकाळी नऊच्या सुमारास
कुणीतरी पान मागितलं,
पान गेलं.
पुढे काहीच नाही.
बाकावर कोण होतं, काय दुखत होतं,
हे मला कळत नाही, आणि ते ठीकच.

त्याच जातीचा एक संगणक
मी भंगारातून आणला आहे.
ओदिले त्यावर कुंडी ठेवते, मी उचलते.
नवं काही केलं की आधी त्याला दाखवायचं.
तो गुरगुरायला लागला
की मी माझं एखादं लाडकं काही
पुसून टाकते,
आणि पुन्हा दाखवते.