बाहेर बेचाळीस, आत सदतीस

सिल्लेखान्यात काळीज मागितलं
की गफारभाई कलेजी तोलतात.
दोनदा चुकून यकृत आणल्यावर मी शिकले,
तिथं 'दिल' म्हणायचं.
बोकडाचं, कोवळं, नळ्यांसकट, चीर न दिलेलं.
ते विचारतात, मॅडम, याचं बनवता तरी काय?
मी म्हणते, धुते.

पाच दिवस धुते.
आधी साबणाच्या पाण्यानं, मग नुसत्या.
आठव्या दिवशी नळ येणाऱ्या शहरात
एका बोकडाच्या हृदयाला चाळीस लिटर.
पहिल्या दिवशी लाल उतरतो, मग गुलाबी,
मग उतरायला रंगच उरत नाही.
पेशी सगळ्या निघून गेलेल्या.
राहतात भिंती, जिने, उंबरे,
रक्त ज्या बोळांतून यायचं ते बोळ.
बरणीत लोंबतं दुधी, आरपार.

काळजाला घरं पडणं
मी लहानपणापासून ऐकत आले होते.
पाहिलं इथं.

केशरबाई फरशी पुसताना थांबते,
दर तिसऱ्या टेबलापाशी.
बरणीशी तोंड नेऊन म्हणते,
समदे गेले की यातले.
आता कोण ऱ्हायचं हितं?

तिला झटका आला तो मोंढ्यात,
मक्याच्या ढिगाशी.
पित्त समजून लोकांनी सोडा पाजला.
दवाखाना गाठेपर्यंत सहा तास.
तेवढ्यात हृदयाचा एक कोपरा वारला.
तिथं आता वण आहे. तो आवळत नाही, सैलावत नाही,
जागा अडवून बसलाय नुसता.
अठ्ठावीस टक्के चालतंय, इको करणारा म्हणाला.
ती म्हणाली, पास व्हाया पस्तीस लागत्यात ना?

तिचं दहा मिली रक्त घेतलं.
संमतीच्या कागदावर तिनं सही कोरली, आडनावासकट.
मग त्या पेशींना आम्ही विसरायला लावलं:
आधी रक्त असणं,
मग त्रेपन्न वर्षं.
मूळपेशी म्हणजे असं कुणी
ज्याला अजून काही हो म्हणून सांगितलेलं नाही.
नंतर एकेक निरोप, ठरल्या दिवशी, ठरल्या थेंबानं:
हृदय हो.

बाराव्या दिवशी काही नाही.
चौदाव्या दिवशी दुपारी
नखाएवढ्या पांढऱ्या तुकड्याची कड हलली.
वाटलं, टेबल हललं, खालून टँकर जातोय.
टँकर गेला.
कड हलतच राहिली.

केशरबाईला हाक मारली. चष्मा काढ, इथं डोळा लाव.
बराच वेळ ती गप्प.
मग, मपलं हाय व्हय हे?
मग दटावून, शेरडाच्या पिल्लाला दटावतात तसं,
हळू चाल गं. दम लागंल.

हे तुला बसवता येणार नाही, मी सांगितलं.
आधी उंदीर, मग डुकरं, मग समित्या, मग माणसं.
किती वर्षं, मलाच ठाऊक नाही.
मला हाय ठाऊक, ती म्हणाली
आणि बादली उचलली. दोन्ही हातांनी.

मे महिना. बाहेर बेचाळीस, आत सदतीस.
ऊब देणारी पेटी, आमच्याकडे
तीच खोलीतली सगळ्यात गार जागा.
एका रात्री लाइट गेली, पाठोपाठ इन्व्हर्टर.
सकाळी तुकडा
उकडलेल्या अंड्याच्या कडेसारखा.
कुणाला बोलले नाही. पिवळी पिशवी भरली, गाठ मारली.

पण पिवळ्या पिशव्या खाली नेते ती केशरबाईच.
तिनं गाठीकडे पाहिलं,
पेटीकडे, माझ्याकडे.
पिशवी खाली ठेवली, बाही सारली वर,
हात पुढं केला. घे आजून.

नको, म्हटलं. आहेत तुझ्या पेशी शिल्लक,
त्या टाकीत, नायट्रोजनमध्ये.
उणे एकशे शहाण्णव.
म्हंजी किती गार?
इतकं की तिथं काहीच घडत नाही. वयसुद्धा वाढत नाही.

तिनं पदरानं मान टिपली.
टाकीच्या झाकणावर हात ठेवला, तसाच ठेवून उभी राहिली.
बरं हाय की, म्हणाली.
एक मी तरी गारव्याला हाय.