किरकोळ

डंडी. नगर दप्तरखाना, तळघर.
मंगळवारी बत्तीस खोकी आली,
गिरणीच्या वारसांनी अखेर घर विकलं म्हणून.
एकावर खडूनं लिहिलेलं :
फेकायचं नाही, बहुतेक.

माझं काम मोजण्याचं.
किती फूट कागद, किती ओल, किती कसर.
वाचायचा पगार मला मिळत नाही.

रोजकीर्द, अठराशे चौसष्ट.
अक्षर एबेनेझर लॉसनचं.
त्याचा सात मान खाली घालून उभा,
आणि त्याचं शून्य कधी पुरतं मिटत नाही,
वर बारीकशी फट राहते,
घाईत ओढून घेतलेल्या दारासारखी.

ताग, कलकत्त्याहून, चार हजार गासड्या.
व्हेलचं तेल, ताग मऊ करायला, नव्वद पिंपं.
कोळसा. विमा. नव्या चर्चच्या घंटेला देणगी
(इथे मालकाचं नाव दुप्पट जाड).
आणि अगदी उजवीकडे, समासाला अंग चोरून,
एक अरुंद रकाना : किरकोळ.

मोठ्या रकान्यांत इतिहासकार बसतात, कोट काढून.
मी इथे शिरते, वाकून,
जिन्याखालच्या खोलीत शिरावं तशी.

शाई. सुतळी. मेणबत्त्या.
गोदामातलं मांजर, दूध : एक शिलिंग सहा पेनी.
पुढचा महिना. मांजर, दूध : एक शिलिंग सहा.
बढती नाही, कपात नाही.
नोव्हेंबरात : एक शिलिंग नऊ.

थंडी असेल, म्हटलं.

मग जमेची बाजू उलटली.
नोव्हेंबर. दंड. ग्रिझेल मॅकिनी,
मागावरून खिडकीबाहेर पाहिलं : तीन पेनी.
डिसेंबर. युफेमिया डफ,
भोंग्याआधी पाव खाल्ला : दोन पेनी.
मांजर, डिसेंबर : एक शिलिंग आठ.

जानेवारीत कुणालाच दंड नाही.
मांजर पुन्हा दीड शिलिंगावर.

त्या दोन-तीन वर्षांत ते मांजर फार प्यायलं.
कुणी उशिरा आली, की त्याला भूक लागे.
कुणी हसली, की लागे.
मी कोर्ट नाही. पुरावा म्हणाल तर
दुधाचे आकडे, बाकी काही नाही.
लॉसन चोर असेल, स्वतःच्याच खिशाचा;
पण मग चोरानं इतकी नेमकी चोरी का करावी,
पेनीला पेनी?

सतराव्या खोक्यात गिरणीचं काहीच नव्हतं.
नगरपालिकेच्या पाणी समितीची कागदपत्रं
चुकून इथे आलेली.
स्कॉअरिंगबर्नच्या बायकांचा अर्ज :
नळ एक, बायका २१०,
रांग पहाटे तीनपासून, वर कातड्याच्या कारखान्याचा वास.
खाली फुल्या, फुल्या, फुल्या,
मधेच एकीनं फुलीऐवजी खिडकी काढलेली :
चौकोन, आत दोन रेघा.
शेजारी कारकुनी अक्षरात : ग्रिझेल मॅकिनी, तिची निशाणी.
अर्जातल्या २१० चं शून्य
मी भिंगाखाली बराच वेळ धरलं.
फट आहे, असं मला वाटतं.
कागदाला घडीही तिथेच पडली आहे.

समितीचा शेरा : दप्तरी दाखल.
आहेच की. अजून दाखलच आहे.

अठराशे एकाहत्तर, मार्च.
रोजकीर्दीत नवं अक्षर, ताठ, देखणं,
शून्यं घट्ट मिटलेली.
लॉसनचं काय झालं ते कुठेच नाही,
ना निवृत्ती, ना फुलं, ना शेवटचा पगार.
फक्त किरकोळमध्ये, पहिल्याच ओळीत :
उंदरांचं विष, चार पेनी.

संध्याकाळी डॅलगार्नो साहेब खाली आले.
विषय लिहा, म्हणाले, पाचच, यादीतले.
लिहिले : ताग. तेल. विमा. धर्मादाय. पाणीपुरवठा.
मांजर यादीत नाही, म्हणाले,
मी विचारायच्या आत.

ते गेल्यावर कार्डाच्या कडेला
मी ते लिहिलं, बारीक.
पेन्सिलनं. इथे शाई आणायला बंदी आहे.