फुगवट्यावर

साडेपाच. थर्माकोलच्या तराफ्यावर
मी पालथी, कोपराखाली ओलं पोतं.
सांडूबा जर्मनच्या थाळीनं पाणी मागं ढकलतो,
थेंबाचाही आवाज न करता.

धुकं. थापट्या चोचीनं पाणी चाळतायत.
पलीकडे एका दगडावर चक्रवाक,
ओल्या विटेच्या रंगाचे, दाटीवाटीनं.
बोटं बधिर.
श्वास धरून तीन फ्रेम.
चौथीला थवा उठला.

पैठणकडं उजाडताना
स्क्रीनवर ती चौथी पुसणार, तेवढ्यात
सांडूबानं हात धरला.
दोन बोटांनी दगड मोठा केला,
अजून मोठा,
कडा फुटेस्तोवर.

“पाणी लई उतरलं यंदा,” म्हणाला.
“ही आमच्या चावडीची पायरी.”

मग तंबाखू मळत, दगडाकडं न बघता,
“पाखरं बसत्यात.
बरंय.”