काचेला बोट लावू नका

लक्ष्मीपुरीत आमचं दुकान एवढंसं,
दोन माणसं काउंटरला टेकली
की तिसऱ्यानं रस्त्यावरनंच माल मागायचा.
गिऱ्हाईक म्हणतं, एक हॅलोजन द्या.
मी विचारते, उजेड कशावर पाडायचाय?
लोकांना हे आगाऊपणाचं वाटतं.
बल्ब मागितला, बल्ब द्यावा, चौकशी कसली.
पण बारा व्होल्टचा दिवा थेट दोनशे तीसला जोडला
तर तो एकदाच लागतो.
फार सुंदर लागतो.

परवा तालमीचे वस्ताद आले,
पाचशे वॅटचा नळा पाहिजे, आखाड्यावर.
म्हटलं, वस्ताद, हा आडवाच बसवायचा.
तुमच्यात पाठ टेकली की हरला,
ह्याचं उलटं,
पाठ टेकून पडला तर टिकतो,
तिरका झाला की गेला.
वस्ताद हसले नाहीत.
दोन नळे घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळून मागितले.

मग गुजरीतले विश्वंभर पोतदार.
नव्या पेढीच्या छताला चाळीस नग,
वाटीतले, पन्नास वॅटचे.
"एलईडीखाली सोनं आजारी दिसतंय ओ,
अंगात रक्त नसल्यागत."
मी बिलाच्या पाठीवर गुणाकार केला.
दोन हजार वॅट.
म्हणजे शेगडी उलटी टांगायची डोक्यावर
आणि खाली एसी लावून तिला वारा घालत बसायचं.
त्यांना उबदार रंगाचे एलईडी दाखवले, भारीतले.
बोटातली अंगठी काढून
तीन दिव्यांखाली तीनदा फिरवली त्यांनी.
"चालतंय की."
खरं सांगू का,
चाळीस माझ्याकडं नव्हतेच.
दोन होते.
आणि ते दोन द्यायचे नव्हते.

ते हमीदाबीचे.
सदर बाजारात रफू करते ती,
शालू, कोट, कुणाच्या लग्नातला फेटा.
हिरव्या शेजारी हिरवा दोरा ठेवला
तरी तिला चौदा हिरवे दिसतात,
पण एवढ्या एकाच उजेडात.
तिचा टेबललॅम्प, खाली भुंग्यागत गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर,
हिवाळ्यात बोटं शेकायलाही तोच.
बाबांच्या वेळेपासून तिची एकच ऑर्डर.
बाबा बल्ब धोतराच्या सोग्यात धरून द्यायचे.
म्हणायचे, काचेला बोट लावू नका,
हाताचं तेल लागतं,
आपल्याला दिसत नाही, आच लागली की काचेला कळतं.

गेल्या महिन्यात दोघांपैकी एक दिला तिला.
काउंटरवर लावून दाखवला, तिनं पदरात घेतला.
आठ दिवसांत परत.
"मी नीट घेऊन गेलो बाई,
नीट लावलो, आणि फट् म्हणाला बघा."
वाटीतला शेंगदाण्याएवढा काचेचा दाणा
एका बाजूनं फुगलेला,
फुगवट्यावर दुधाळ डाग,
करंगळीच्या पेरापेक्षा लहान.

आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.
तिची बोटं सुईनं चाळण झालेली,
दोऱ्याला मेण लावून लावून गुळगुळीत.
माझी, दिवसभर नोटा, वायरी, दुपारची भजी.
डागाला रेघा राहिल्या नव्हत्या,
कुणाचा म्हणून ओळखायला.
"माझाच असंल," ती म्हणाली.
मी काहीच म्हणाले नाही.
दाखवताना मी पदर वापरला होता की नाही,
हे मला खरंच आठवेना.

शेवटचा काढला.
खोक्यातनं खोक्यासकट दिला,
लावूनसुद्धा बघितला नाही.
पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं,
तिनं मोजून ठेवले,
वर चार रुपये सुटे मागितले.
जाताना पायरीवर थांबली.
"बाबांचा तो राखाडी कोट, कोपराला गेलेला.
आणून टाका.
हा हाय तवर करून घेऊ."

कोट अजून कपाटात आहे.
काल काढून ट्यूबलाइटखाली धरला.
मला तो राखाडी दिसला.
एकच राखाडी.