उथळ नक्कल

ओउलूत डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
पडद्यावर बोट ठेवून हेल्वी सांगते नवख्या येरेला:
जहाजाच्या पोटात कप्पा, कप्प्यात पेटी,
तिथवर सगळं सलग, एकाच जागेत.
जहाजाची नक्कल केलीस की पेटीचीही होते.

पण पेटीत माल नाहीये रे.
चिठ्ठी आहे, माल कुठे ठेवलाय त्याची.
चिठ्ठ्या झाल्या दोन.
माल एकच.
एकाने जागा मोकळी केली
तरी दुसऱ्याच्या हातात पत्ता उरतो,
आकडान्‌आकडा बरोबर.

मग चूक कळते कधी?
लगेच नाही. कधीकधी तर
दार उघडतं, आत जुनंच सामान दिसतं.

तिच्या कोटाच्या खिशात
राक्सिलातल्या घराची किल्ली आहे अजून.
मार्चमध्येच विकलं ते वेइक्कोने.