पिठाची रेघ

आम्ही सात जण होतो शाळेत.
सात हा आकडा बेरजेला बरा,
तीन पायांच्या शर्यतीला नाही.

ताकुआरेम्बोच्या वरच्या अंगाला, जिथं रस्ता संपायचा
आणि मेंढ्या सुरू व्हायच्या,
तिथं एक खोली, एक झेंड्याचा खांब, एक हातपंप.
वाऱ्याला अडवणारं कुणी नव्हतं,
तो रोज शाळेत यायचा, हजेरीपटावर नाव नसताना.

नोव्हेंबरातल्या शनिवारी नेल्लीबाईंनी
स्वयंपाकघरातून बशीभर पीठ आणलं
आणि गवतात शेवटची रेघ ओढली.
सुरुवातीची राहिली, आम्ही म्हणालो.
"सुरुवात कुठूनही होते," बाई म्हणाल्या, "पीठ महाग आहे."

मग गळ्यातले निळे बो सोडले आम्ही,
पांढऱ्या झग्यावरचे, सकाळी आईनं दोनदा बांधलेले,
आणि पाय बांधायला घेतले.
झुल्मा आणि मिर्ता, सख्ख्या बहिणी.
एबेर आणि त्याचा चुलतभाऊ दार्दो.
वॉशिंग्टन, ज्याचा पाढा चारापाशी अडायचा,
आणि त्याला रोज पुढं ढकलणारी ओफेलिया.

उरलो मी.

उरलेल्यालाही काम असतं.
मला गाठी मारायला दिल्या.
बाप घोडा बांधायचा ती गाठ मला येत होती:
ओढली की आवळते,
टोक हिसडलं की एका झटक्यात सुटते.
गुडघ्यावर बसून मारल्या तिन्ही.
रबरी बुटांचा वास, ओल्या लोकरीच्या मोज्यांचा,
कुणाच्या तरी पोटरीवर कुंपणाच्या तारेचा ताजा ओरखडा.
वॉशिंग्टनची गाठ मी सैल मारली.
मुद्दाम.
ओफेलियाशेजारी मला उभं राहायचं होतं,
एवढंच कारण, दहा वर्षांच्या पोराकडं दुसरं काय असणार.

बाईंनी पातेल्यावर डाव हाणला.
बहिणी जागच्या जागी आडव्या झाल्या.
उठल्या, भांडल्या, पुन्हा पडल्या,
मधला पाय दोघींपैकी कुणाचंच ऐकेना.
एबेर-दार्दो निघाले खूर बांधलेल्या खोंडासारखे,
उड्या मारत, शिव्या देत.
आणि वॉशिंग्टन मोजत होता.
एक दोन, एक दोन,
डोळे मिटलेले, हात ओफेलियाच्या खांद्यावर,
दोनाच्या पुढं जायचंच नव्हतं
म्हणून त्याचं गणित पहिल्यांदाच चुकत नव्हतं.

तेवढ्यात कोंबड्या आल्या.
पाच कोंबड्या आणि शेपूट झडलेला तो कोंबडा.
त्यांनी डावीकडून सुरुवात केली
आणि शिस्तीत, कण वाया न घालवता,
आमचा शेवट टिपून खाल्ला.
बाई डाव घेऊन धावल्या, पण बशीभरच तर पीठ.

जोड्या पोचल्या तेव्हा रेघ नव्हती.
मग थांबायचं कुठं?
ते धावतच राहिले,
पंपाच्या पुढं, सेइबोच्या झाडापुढं,
वॉशिंग्टनचा बो तिथंच गळून पडला गवतात.
मी पाहिला.
त्यांना कळलंच नाही.
सुटलेले पाय एकमेकांना चिकटवून
ती दोघं तशीच गेली तारेच्या कुंपणापर्यंत,
एक दोन, एक दोन.

मी बो उचलला, झटकला,
आणि कुणी विचारलं नाही तरी म्हणालो,
गाठ चांगली होती.

आता तिथं मेंढ्या नाहीत. निलगिरी आहे, रांगेत, मोजून लावलेली.
मी तीच लाकडं ट्रकमधून बंदरावर नेतो,
साखळ्या दोनदा तपासतो.
शाळेच्या दाराला कुलूप आहे,
वारा तेवढा अजून येतो.

दार्दोचं टायरचं दुकान आहे हमरस्त्यावर.
पंक्चर काढता काढता तो दर खेपेला तोच विषय काढतो:
रेघ झाडाच्या अलीकडं होती,
म्हणजे आम्हीच जिंकलो होतो.
मी म्हणतो, कोंबड्यांना विचार.
तो पाना खाली ठेवतो,
डांबरावर बुटाच्या टोकानं एक रेघ ओढतो, इथं, बघ, इथं,
आणि मागचा ट्रक हॉर्न देत राहतो.